दवंडी आणि कानगोष्ट

(सावंतवाडी येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. संगणकाला हेडफोन आणि स्पीकर ही दोन्ही साधने एकत्र कशी जोडावीत, हा तो विषय होय. हे तर एखाद्या वायरमनचे काम, त्यासाठी माहिती अधिकाऱ्याने उभे राहून बोलण्याचे कारण काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. मी कला शाखेचा पदवीधर. विजेच्या तारांशी माझा संबंध घरातील दिव्याचे बटण दाबण्यापुरताच होता. परंतु एका लहानशा प्रसंगाने मला हा विषय शिकावयास लावले. तो प्रसंग प्रथम सांगतो.

काही दिवसांपूर्वी कामानिमित्त मी एका गावच्या सेवा केंद्रात बसलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे संगणकावर काम करणारा तरुण दृष्टिहीन आहे. तो पडदा डोळ्यांनी नव्हे, तर कानांनी वाचतो. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी एक प्रणाली त्याच्या संगणकावर आहे. टंकलिखित केलेले प्रत्येक अक्षर आणि भरलेला प्रत्येक रकाना ती त्याला उच्चारून दाखविते. त्याचे काम वेगाचे आणि बिनचूक होते.

तेवढ्यात एक विधवा बाई अर्ज भरण्यासाठी आल्या. निराधारांना मिळणाऱ्या अनुदानाचा तो अर्ज होता. मागे सात-आठ माणसे रांगेत होती. बाई खिडकीशी वाकून अगदी हळू आवाजात माहिती सांगत होत्या. तरुण ती टंकलिखित करीत होता आणि संगणकाचा स्पीकर ती सारी माहिती खणखणीत आवाजात पुन्हा सांगत होता : नाव, वय, पतीच्या मृत्यूची तारीख, वार्षिक उत्पन्न. उत्पन्नाचा आकडा खोलीभर ऐकू गेला तेव्हा रांगेतील कोणीतरी मागे वळून कोणाकडे तरी पाहिले. बाईंनी पुढे केलेली कागदपत्रे हळूच मागे घेतली. ‘ऱ्हवांदे, मागीर येतंय,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. पुढे त्यांनी अर्ज केला, पण तो तालुक्याच्या ठिकाणी येऊन, एस.टी.चे भाडे भरून आणि एका दिवसाची मजुरी बुडवून.

मी त्या तरुणाला विचारले, ‘आपल्याला हेडफोन दिलेला नाही काय?’ तो म्हणाला, ‘दिला आहे साहेब, पण कपाटात आहे. हेडफोनची पिन घातली की स्पीकर बंद पडतो. मग प्रशिक्षणाच्या दिवशी आवाज येत नाही म्हणून तक्रार होते. तेव्हा सर्वांनी मिळून ठरविले की हेडफोन लावायचाच नाही.’

मित्रहो, या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. शासनाने संगणक दिला, स्पीकर दिला, हेडफोनही दिला. कायद्यानुसार दृष्टिहीन तरुणाला काम मिळाले. फक्त दोन वायरी एकत्र नांदू शकल्या नाहीत, आणि एका बाईची घरची गोष्ट षट्कर्णी झाली.

गावाचे दोन कान

आपल्या गावगाड्यात आवाजाचे दोन प्रकार पूर्वापार चालत आले आहेत. एक दवंडीचा आणि दुसरा कानगोष्टीचा. सारा वसूल करण्याची तारीख किंवा जत्रेचा दिवस दवंडी पिटून सांगावयाचा. कोणाच्या घरी अडचण आहे, कोणाला उसने धान्य हवे आहे, ही गोष्ट कानात सांगावयाची. कोणती बातमी कोणत्या मार्गाने जावी, हे गावातील शहाण्या माणसाला शिकवावे लागत नसे.

यंत्रे आली तेव्हाही हा भेद राहिलाच. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावात श्रोत्यांचे मंडळ स्थापन करावयाचे, सर्वांनी एकत्र बसून रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रम ऐकावयाचा आणि नंतर त्यावर चर्चा करून आपल्या गावात काय करता येईल ते ठरवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. जगभरच्या अभ्यासकांनी या प्रयोगाची दखल घेतली. तेथे रेडिओचा आवाज सर्वांसाठी होता; तो एकट्याने ऐकण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर ट्रान्झिस्टर आला. या सभागृहातील ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना आठवत असेल की, ट्रान्झिस्टरच्या बाजूला एक बारीक भोक असे. त्यात कानात घालावयाच्या बोंडाची पिन बसवली की डबा गप्प होई आणि क्रिकेटचे समालोचन एकट्याच्या कानात येई. घरातील वडीलधारी मंडळी झोपलेली असताना ही सोय किती मोलाची होती!

कार्यालयातील आणि शाळेतील संगणकाकडून आज आपण ही दोन्ही कामे अपेक्षितो. सकाळी त्याने वर्गाला कविता ऐकवावी, दुपारी एकाच मुलाला उच्चार शिकवावेत. ग्रामसभेत त्याने कर्णा व्हावे आणि खिडकीवर कानगोष्ट करावी. अडचण अशी की, संगणक आपल्या हाती येतो तेव्हा त्याची मांडणी जुन्या ट्रान्झिस्टरप्रमाणेच असते. पिन घातली की डबा गप्प.

पिन घातल्यावर स्पीकर मुका का होतो?

याचे मूळ टेलिफोनमध्ये आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत टेलिफोन एक्स्चेंजसाठी अशी पिन आणि असे सॉकेट तयार झाले. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिलेल्यांना ते एक्स्चेंज आठवेल. ऑपरेटर हातातील दोरीची पिन एका भोकात घाली आणि दोन माणसांचे बोलणे जुळे. त्या सॉकेटमध्ये एक लवचीक पत्ती बसविता येई. पिन आत शिरली की ती पत्ती बाजूस सरके आणि आधीची जोडणी तुटे. तीच पिन लहान होत होत आज साडेतीन मिलिमीटर व्यासाची झाली आहे. पत्तीची ती युक्ती ट्रान्झिस्टरमध्ये आली आणि जुन्या संगणकांच्या पुढील सॉकेटमध्येही राहिली.

सन २००४ पासून संगणकातील ध्वनीची नवी पद्धत रूढ झाली. तिच्यात सॉकेट जोडणी तोडत नाही. ‘येथे पिन आली आहे’ एवढी वर्दी ते आत देते. ती वर्दी मिळताच संगणकातील ध्वनीचा कारभार पाहणारी आज्ञावली, जिला ड्रायव्हर म्हणतात, मागील स्पीकर बंद करते. हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पूर्वी जी गोष्ट पत्तीने होत होती ती आता एका नियमाने होते. पत्ती बदलण्यासाठी कारागीर लागे. नियम मात्र आपल्याला टेबलावर बसल्या बसल्या बदलता येतो.

संगणकाच्या मागे वाकून पाहिले तर रंगीत भोकांची एक रांग दिसेल. १९९९ च्या सुमारास हे रंग ठरले. हिरवे भोक म्हणजे आवाज बाहेर येण्याची वाट. स्पीकरची पिन तेथे घालावयाची. गुलाबी भोक माईकचे. निळ्या भोकातून टेपरेकॉर्डरसारख्या दुसऱ्या यंत्राचा आवाज आत घेता येतो. पुढील बाजूस बहुधा दोन भोके असतात, एक हेडफोनचे व दुसरे माईकचे. काही नव्या संगणकांत ही दोन्ही एकाच भोकात असतात. ‘आवाज येत नाही’ या तक्रारींपैकी कित्येक केवळ हिरव्याऐवजी निळ्या भोकात पिन घातल्यामुळे झालेल्या असतात, हे मी अनुभवाने सांगतो.

जोडणीचे तीन मार्ग

पहिला मार्ग सर्वांत सोपा. बाजारात एक लहान दुफाटा मिळतो. त्याच्या एका टोकाला पिन आणि दुसऱ्या बाजूस दोन भोके असतात. त्याची पिन संगणकाच्या मागील हिरव्या भोकात घालावी आणि त्याच्या दोन भोकांत स्पीकर व हेडफोन जोडावे. एकच आवाज दोन्हीकडे जातो. संगणकात कोणताही बदल करावा लागत नाही.

येथे एक पथ्य आहे. ज्या स्पीकरला स्वतःची विजेची वायर आणि आवाजाचा कान असतो, तोच अशा रीतीने जोडावा. त्याच्या आत आवाज वाढविणारे यंत्र असल्याने तो संगणकाकडून फार थोडी शक्ती घेतो, म्हणून शेजारच्या हेडफोनला काही कमी पडत नाही. विजेची वायर नसलेला, ॲम्प्लिफायरवर चालणारा मोठा स्पीकर मात्र थेट या भोकात जोडू नये. त्याला जेवढा प्रवाह लागतो तेवढा येथून मिळत नाही. प्रथम संगणकाचा आवाज हेडफोनला सोसेल एवढा ठेवावा आणि नंतर स्पीकरचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानाने कमी-अधिक करावा. हा क्रम उलटा केला तर हेडफोन लावणाऱ्याच्या कानठळ्या बसतात.

आणखी एक इशारा. हा दुफाटा एक आवाज दोघांना वाटून देण्यासाठी आहे. संगणक आणि मोबाईल अशा दोघांचे आवाज एका स्पीकरमध्ये एकत्र करण्यासाठी तो उलटा वापरू नये. तसे केल्यास एका यंत्राचा प्रवाह दुसऱ्यात शिरतो. त्या कामासाठी मिक्सर नावाचे यंत्र असते.

दुसरा मार्ग आज्ञावलीतील नियम बदलण्याचा. स्पीकर मागील हिरव्या भोकात आणि हेडफोन पुढील भोकात असावा. पुष्कळ संगणकांत ध्वनीसाठी रिअलटेक कंपनीची आज्ञावली असते. तिच्या पटलावर प्रगत मांडणीचा एक भाग असतो. तेथे दोन पर्याय दिसतात. पुढे हेडफोन लावताच मागील आवाज बंद करावा, हा पहिला. पुढील व मागील बाजूंनी दोन वेगवेगळे आवाज एकाच वेळी वाजवावेत, हा दुसरा. बहुधा पहिलाच निवडलेला असतो. आपण दुसरा निवडावा. त्यानंतर संगणक हेडफोन आणि स्पीकर यांना दोन स्वतंत्र साधने मानू लागतो. हा पर्याय प्रत्येक संगणकात असतोच असे नाही. नसेल तर निराश होण्याचे कारण नाही, कारण तिसरा मार्ग आहे.

तिसरा मार्ग यूएसबी हेडफोनचा. या हेडफोनच्या वायरीला गोल पिन नसते. पेनड्राइव्ह ज्या चपट्या भोकात घालतो त्याच भोकात तो बसतो. त्याच्या पोटात त्याचे स्वतःचे ध्वनियंत्र असते. त्यामुळे तो लावल्याने स्पीकरची जोडणी तुटण्याचा प्रश्नच उरत नाही. आपला जुना गोल पिनेचा हेडफोन वापरावयाचा असेल तर अंगठ्याएवढा एक यूएसबी जोड मिळतो. काही शेकडा रुपयांत हे काम भागते. मात्र हेडफोन लावताच संगणक आपण होऊन सर्व आवाज त्याच्याकडे वळवितो, असे पुष्कळदा घडते. तेव्हा स्पीकर बिघडला असे समजू नये. पडद्याच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर जाऊन पुन्हा स्पीकर निवडावा. ज्या संगणकाचा पडदा एचडीएमआय वायरीने जोडलेला आहे, तेथे आवाज कधी कधी पडद्याकडेच निघून जातो. त्याचाही उलगडा याच ठिकाणी होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गाचा खरा लाभ पुढे आहे. विंडोज प्रणालीत २०१८ सालापासून प्रत्येक कामाचा आवाज वेगळ्या साधनाकडे पाठविण्याची सोय झाली. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात साउंड आणि त्यात व्हॉल्यूम मिक्सर असा विंडोज ११ मध्ये तिचा पत्ता आहे. तेथे सुरू असलेल्या प्रत्येक आज्ञावलीपुढे तिचा आवाज कोठे जावा हे निवडता येते. म्हणजे वर्गासाठी लावलेली चित्रफीत स्पीकरवर आणि शिक्षकांनी तपासावयाचे ध्वनिमुद्रण हेडफोनवर, असे दोन प्रवाह एका संगणकातून एकाच वेळी निघू शकतात. दवंडी आणि कानगोष्ट एका घरात नांदू शकतात ती अशी.

खिडकीवरील काम

आता त्या दृष्टिहीन तरुणाकडे परत येऊ. तो वापरतो त्या वाचक-प्रणालीचे नाव एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ साली तिचा आरंभ केला आणि जेम्स तेह हे दुसरे दृष्टिहीन तंत्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. ती विनामूल्य आहे आणि मराठीही वाचते. या प्रणालीला ‘तुझा आवाज अमुक साधनाकडे जाऊ दे’ असे स्वतंत्रपणे सांगता येते. इन्सर्ट आणि एन या कळा एकदम दाबल्या की तिची यादी उघडते. तिच्यातील सेटिंग्जमध्ये ध्वनीचा भाग असतो आणि तेथे साधन निवडावयाचे असते. जुन्या आवृत्तीत हीच निवड आवाज निवडण्याच्या चौकटीत असे.

त्या केंद्रात आम्ही एवढेच केले. एक यूएसबी हेडफोन आणला, वाचक-प्रणालीचा आवाज त्याकडे वळविला आणि बाकी सर्व आवाज स्पीकरवर ठेवला. अर्ध्या तासाचे काम. आता तो तरुण एका कानावर हेडफोन ठेवतो आणि दुसरा कान समोरच्या माणसासाठी मोकळा ठेवतो. प्रशिक्षणाच्या दिवशी स्पीकर पूर्ववत वाजतो. कपाटातील हेडफोन कपाटात पडून राहण्याचे कारण उरले नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शासकीय नोकऱ्यांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत आणि त्यांतील एक टक्का दृष्टिहीन व अल्पदृष्टी असलेल्यांसाठी आहे. याच कायद्याने शासकीय आस्थापनांवर दिव्यांग कर्मचाऱ्यांना वाजवी सोयी पुरविण्याची जबाबदारी टाकली आहे. वाजवी सोय म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उतरता रस्ता किंवा लिफ्ट येते. ती सोय कधी कधी एका वायरीएवढीही असते. आणि या ठिकाणी ती केवळ कर्मचाऱ्याची सोय राहत नाही. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या नागरिकाची अब्रूही तिच्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. सेवा वेळेत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. ती सेवा मान खाली न घालता मिळावी, ही अपेक्षा कायद्याच्या कलमात शोधण्याची गरज नाही.

शाळा आणि ग्रामसभा

शिक्षक मित्रांसाठी दोन शब्द. दीक्षासारख्या शैक्षणिक मंचावरील पाठ वर्गाला ऐकवावयाचा तर स्पीकर हवा. परंतु आपल्या भागातील मूल घरी मालवणी बोलते. प्रमाण मराठीचे आणि इंग्रजीचे उच्चार त्याला पुनःपुन्हा ऐकावे लागतात. एखादे मूल मागे पडलेले असते आणि सर्वांसमोर पुन्हा विचारावयास लाजते. त्याला कोपऱ्यात बसवून हेडफोन दिला तर ते दहा वेळा ऐकेल आणि कोणाला कळणारही नाही. एका दुफाट्यावर दोन हेडफोन चालतात. दुफाट्यांना दुफाटे जोडून चार-सहा हेडफोन लावू नयेत, आवाज क्षीण होतो. त्यासाठी अनेक भोकांचा हेडफोन ॲम्प्लिफायर मिळतो.

मुलांच्या कानांची काळजी मात्र घ्यावी. मुलांनी आठवड्यात चाळीस तास ऐकावयाचे असेल तर आवाज ७५ डेसिबलपलीकडे आणि प्रौढांनी ८० डेसिबलपलीकडे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. डेसिबल मोजण्याचे साधन शाळेत नसते. तेव्हा साधी खूण सांगतो : हेडफोन लावलेल्या मुलाशी हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोलावे. त्याला काहीच ऐकू आले नाही तर आवाज मोठा आहे असे समजावे. हेडफोन एकाच्या कानावरून दुसऱ्याच्या कानावर देताना पुसून घ्यावा. स्पीकरबाबतही मर्यादा आहेच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे शाळा, रुग्णालये व न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविता येतो आणि अशा क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल ही मर्यादा आहे.

सरपंच महोदयांनी ग्रामसभेचा विचार करावा. आता जिल्ह्याच्या ठिकाणाहून दूरदृश्य प्रणालीद्वारे बैठका होतात. सभागृहातील माईक आणि स्पीकर समोरासमोर आले की स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, तेथून पुन्हा स्पीकरमध्ये येतो आणि शिट्टी सुरू होते. यावर उपाय म्हणजे स्पीकर सभेकडे तोंड करून माईकच्या पुढे ठेवावा, माईकच्या मागे नव्हे. संगणक चालविणाऱ्याने हेडफोन लावावा. त्यामुळे पलीकडच्यांचा आवाज सभेला ऐकविण्यापूर्वी तो ठीक येतो की नाही हे त्याला समजते. पहिली दहा मिनिटे ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ असे विचारण्यात जातात ती वाचतात. २०२५ साली केंद्र शासनाच्या पंचायती राज मंत्रालयाने ग्रामसभेच्या ध्वनिमुद्रणावरून इतिवृत्ताचा मसुदा करून देणारे ‘सभासार’ हे साधन उपलब्ध केले. मुद्रणच शिट्टीने आणि खरखरीने भरलेले असेल तर मसुद्यात काय उतरणार? ज्या ग्रामस्थाने उभे राहून पाण्याचा प्रश्न मांडला त्याचे वाक्य हरवू नये, यासाठी मुद्रण सुरू असताना कोणीतरी हेडफोन लावून ते ऐकत राहिले पाहिजे.

आपल्या हवेची पथ्ये

आपला मुलूख पावसाचा. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो आणि किनाऱ्याकडे हवेत मीठ असते. चार महिने न वापरलेल्या पिनेवर हिरवट थर चढतो आणि एका कानात आवाज येत नाही किंवा खरखर होते. अशा वेळी नवीन हेडफोन मागविण्यापूर्वी पिन कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावी आणि संगणक बंद असताना भोकात दोन-चार वेळा फिरवावी. पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

स्पीकरमधून सतत घूंऽ असा आवाज येत असेल तर संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन वेगळ्या ठिकाणांहून वीज घेत आहेत काय, ते पाहावे. दोन्ही एकाच बोर्डावर घेतल्यास तो आवाज बहुधा कमी होतो. मात्र तो घालविण्यासाठी अर्थिंगची वायर काढून टाकू नये. घूं आवाज जाईल, पण माणसाच्या जिवाला धोका राहील. मे अखेरीस आणि परतीच्या पावसात वीज कडाडू लागली की बैठक आवरून सर्व वायरी सॉकेटमधून काढाव्यात.

शेवटचा मुद्दा

मित्रहो, आपल्या कार्यालयांत यंत्रे येत राहतील. प्रत्येक यंत्र आपल्याबरोबर कोठेतरी ठरविलेला एक नियम घेऊन येते. पिन घातली की स्पीकर बंद, हा तसाच एक नियम. तो कोणी वाईट बुद्धीने केलेला नाही. परंतु तो करणाऱ्याने आपली खिडकी पाहिलेली नाही, आपली रांग पाहिलेली नाही आणि त्या रांगेपुढे उभी असलेली बाई पाहिलेली नाही. ते पाहण्याचे काम आपले आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. परत गेल्यावर आपापल्या कार्यालयातील व शाळेतील संगणकासमोर पाच मिनिटे बसावे. या संगणकातून बाहेर पडणारा कोणता आवाज सर्वांसाठी आहे आणि कोणता एकासाठी, याची एक लहान यादी करावी. नंतर वायरी त्या यादीप्रमाणे जोडाव्यात आणि ती जोडणी एका कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवावी. कर्मचारी बदलून जातात, कागद राहतो. आणि कपाट उघडून पाहावे. एखादा न वापरलेला हेडफोन तेथे पडलेला असेल तर तो आजच बाहेर काढावा.